अर्ध्या सुताची चूक

हबीब,

तू खरंच गेलास यावर पहिले दोन दिवस माझा विश्वास बसला नाही. तुझा इतिहासच तसा. जत्रेच्या तोंडावर एखादं कटकटं गिऱ्हाईक दारात आलं की तू लाकडाच्या ढिगामागं डोळे मिटून पडायचास आणि मला हातानं खुणावायचास, सांग त्याला, हबीब नाही म्हणून. त्यामुळं तुला शेवटचं बघायला आत गेलो तेव्हा सगळे रडत होते आणि मी तुझ्या मिशीकडं बघत होतो. हसू दाबलंस की तुझी मिशी डाव्या बाजूनं हलायची. मी चांगला दहा मिनिटं उभा राहिलो. हलली नाही. तेव्हा मात्र तुझ्या धाकट्या भावानं मला धरून बाहेर खुर्चीत आणून बसवलं.

आज बाविसावा दिवस. तुझं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. ते काम बाकीच्यांनी भरपूर केलं, त्यातल्या दोघातिघांनी तर जिवंतपणी तुला दारात उभं केलं नव्हतं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि ते तू मधेच टाकून गेलास. तीसेक वर्षांचं भांडण. ते मला एकट्याला पुरं करायचंय, आणि समोर कुणी उत्तर द्यायला नसताना भांडणं किती अवघड असतं हे तुला कळायचं नाही.

मी संशयी माणूस. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघणाऱ्या आईचा मुलगा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा ओढायला परत येतो. मला दत्ता न म्हणता पंडत म्हणणारा तू म्हणायचास, "पंडत, तुला वर सोर्गात नेलं तरी तू आधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघशील." पण या रोगाचं मूळ तुझ्या घरीही होतं. आमचे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून. रझाकारीच्या दिवसांत आमच्या दाराला आतून दोन कड्या लागल्या, त्या पुढं कधी एक झाल्या नाहीत. तुमच्या दाराला दुसरी कडी लागली ती पोलीस ॲक्शननंतर, हे तूच मला सांगितलंस. वर हसून म्हणालास, "सुतार एकच असंल बघ." आपण दोघं त्या दोन-दोन कड्यांच्या आत वाढलेली पोरं. संशय मला वारशानं मिळाला होता. तुला का मिळाला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. किंवा मिळाला असेल आणि तू तो नीट लपवला असशील.

तू आमच्या घरी पहिल्यांदा आलास तो दिवस आठवतो. चिकलठाण्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात तू साच्यांची चित्रं काढायचास आणि मी लेथवर होतो. मला नुकतंच काढलं होतं. कारण असं की, माझ्या पाळीत दोनशे नग वाकडे निघाले. पकडीत भुसा अडकला होता, तो मी झटकला नव्हता, नग तिरका बसत गेला आणि भोक सरकत गेलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, याचा हात विश्वासाचा नाही. मी घरी बसलो. आठ दिवसांनी तू गारखेड्याला आमच्या दारात उभा. सायकल, हातात सागाचा एक ठोकळा, आणि म्हणतोस, चल, खेळणी करू.

मला लगेच शंका आली. कंपनीनं काढलेल्या माणसाकडं नोकरीतला माणूस उगाच का येईल? आईला दुसरीच शंका आली आणि तिनं तुला वेगळ्या कपात चहा दिला. पाहुण्यांचे कप मिसळू नयेत म्हणून तिनं त्या कपाच्या बुडाला बहिणीच्या नखपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवला होता. तू चहा संपवलास आणि कप उलटा केलास. तुझी ती खोडच होती. कप, बशी, पोराची चप्पल, कुणाची घड्याळाची डबी, हातात आलं की पहिल्यांदा उलटं. मी आईकडं बघितलं, आई भिंतीकडं बघत होती. तू तो ठिपका अंगठ्यानं जरासा घासलास, कप सरळ ठेवलास आणि म्हणालास, "मावशी, चहा झ्याक झालाय."

त्यानंतर तू आलास की स्वतःच सांगायचास, मावशी, माझा कप. चार-पाच वर्षं हे चाललं. एक दिवस आईनं रॉकेलच्या बोळ्यानं तो ठिपका घासून काढला आणि कप फडताळात इतरांत मिसळून टाकला. तू त्या दिवशी चहा प्यालास, कप उलटा केलास, दुसरा उचलून उलटा केलास, आणि अगदी साळसूदपणे विचारलंस, "मावशी, माझा कप कुठं गेला वो?" आई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी तुझ्यावर चिडलो होतो. तू तिला टोचलंस की सोडवलंस हे मला आजही सांगता येत नाही. पण त्याच महिन्यापासून आपल्या प्रत्येक खेळण्याच्या बुडाला तू ब्रशनं एक लाल ठिपका द्यायला लागलास. लोकांना वाटतं तो आपला ट्रेडमार्क. मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि तुला विचारायचं धाडसही झालं नाही.

उलटं करून बघण्याचं कारण तू एकदा सांगितलं होतंस. तुझे अब्बा हिमरू कापडाच्या मागावर नक्षी बांधणारे. नक्षीचं सगळं गणित दोऱ्यांत असायचं आणि त्या दोऱ्या मागाच्या वर बसून ओढायला हलकं पोर लागायचं. पाचव्या-सहाव्या वर्षी ते पोर तू होतास. वर बसणाऱ्याला फुलं दिसत नाहीत, तू म्हणालास, त्याला फक्त दोऱ्या आणि गाठी दिसतात. खाली लोक शेरवानीच्या कापडाला वा वा म्हणायचे आणि तुला कळायचं नाही की यात वा वा काय आहे. मग शेरवान्या घालणारेच गेले. पोलीस ॲक्शननंतर हळूहळू माग थांबले, आणि थांबलेल्या मागाचा एक धोटा, म्हणजे विणताना आडवा धागा घेऊन पळतो ती होडीसारखी लाकडी नळी, अब्बांनी तुला खेळायला दिला. तू त्याला चार बटणांची चाकं लावलीस. ते तुझं पहिलं खेळणं. हे तू मला इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलंस की बटणं चार होती की दोन, याबद्दल मला अजून शंका आहे.

आपल्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे थट्टाच होती. पत्र्याची शेड, एक खराद, एक ड्रिल, आणि तू. मी लाकूड खरादून द्यायचो, तू बाकी सगळं. तू काय करतोस यावर माझी बारीक नजर असायची, कारण तू बराच वेळ काहीच करताना दिसायचा नाहीस. नवं खेळणं झालं की तू त्याचा एक कोपरा तोंडात धरून अर्धा तास बसायचास. जीभ लाल नाही तर हिरवी व्हायची. रंग सुटला तर सगळा घाणा परत घासायला लावायचास. पोरगं आधी चावणार, मग खेळणार, म्हणायचास, म्हणून डिझायनरनं आधी चावावं. मोठे डिझायनर लोक आपल्याकडं यायला लागले तेव्हाही तू हेच त्यांना सांगायचास आणि त्यांच्या हातात खेळणं द्यायचास. एकानं खरंच चावलं. तो तुला आवडला.

घोड्याला डोळे काढायचे नाहीत, हा तुझा हट्ट. बाहुलीला हसू काढायचं नाही. बाहुली हसरी केली की ज्या दिवशी पोरगं रडतं त्या दिवशी ती बाहुली त्याच्या कामाची नाही, असं तू म्हणायचास. मला हे पटायचं, पण पटलं असं मी कधी म्हणालो नाही. कारण या सगळ्यात मला एक डाव दिसायचा. रंगकाम वाचतं, मेहनत वाचते, आणि वर तत्त्वज्ञान मिळतं.

खरं भांडण गाडीवरून सुरू झालं. आपली साधी बैलगाडी, दोन चाकं, आस, एक बैल, ओढायला दोरी. मी ती अशी करायचो की गुळगुळीत फरशीवर एकदा ढकलली तर भिंतीपर्यंत सरळ जावी. मला तिचा अभिमान होता. कंपनीनं ज्याचा हात विश्वासाचा नाही म्हटलं त्या माणसाची गाडी होती ती. तू मात्र ती बघून तोंड वाकडं करायचास. तुझं म्हणणं होतं की चाकाचं भोक जरा बाजूला घे. जरासं. मी म्हणालो, मी वाकडं काम करत नाही. तू म्हणालास, वाकडं नको, थोडंसं हललेलं कर. मी म्हणालो, वाकडं आणि थोडंसं हललेलं यांत फरक असतो हे मला कंपनीनं शिकवलेलं नाही. दोन-तीन महिने हे चाललं. एकदा तू मला शेडच्या दारात बसवलंस आणि रस्त्यावर गाडी ओढत जाणारं एक पोरगं दाखवलंस.

"बघ. सरळ चालणारी गाडी हाय. पोरगं पुढं बघत चाललंय. मागं काय हाय त्याला ठाव बी नाय. गाडीच्या जागी वीट बांधली तरी चालंल." मग तू दोरीला हिसका दिल्यासारखा हात केलास. "लंगडी गाडी असली की त्याला मागं वळून बघावं लागतं. ज्या खेळण्याकडं पोरगं वळून बघतं तेवढंच चांगलं खेळणं, पंडत. बाकी सामान."

मी ऐकलं नाही. तू विषय सोडलास. तू विषय इतक्या सहज सोडलास, तिथंच मला संशय यायला पाहिजे होता.

मग कर्णपुऱ्याच्या जत्रेची ती ऑर्डर. दोनशे गाड्या, चारशे चाकं, हातात आठ दिवस. जुन्या जिगला चीर गेली म्हणून तू नवा जिग करून आणलास. जिग म्हणजे चाक बसेल एवढा गोल खळगा असलेला ठोकळा, त्यात चाक ठेवायचं, वरून ड्रिल उतरवायचं, भोक आपोआप मध्यावर पडतं. जिगमधून निघालेलं चाक कुणी तपासत नाही, तपासावं लागू नये म्हणूनच तर जिग असतो. मी तीन दिवसांत चारशे चाकं पाडली. चौथ्या दिवशी तू पहिली गाडी जोडलीस, फरशीवर ठेवलीस आणि ओढलीस. गाडी लंगडली. बैलानं मान डोलवली, गाडी डावीकडं झुकली, उजवीकडं झुकली, परत बैलानं मान डोलवली. दुसरी जोडली, ती निराळीच. तिचं मागचं अंग उचललं जायचं. तिसरी उड्या मारल्यासारखी. दोनशे गाड्या, दोनशे चाली.

कंपनीतला तो सगळा दिवस परत समोर आला. तू गुडघ्यांवर बसला होतास, दोरी हातात, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतंस. मी तुला बोलू दिलं नाही. मीच आधी म्हणालो, "भुसा राहिला असणार. घाईत झटकला नाही. चूक माझी आहे, हबीब. सगळी चाकं मी परत करून देतो." तू माझ्याकडं बघत राहिलास. तुझं तोंड तसंच उघडं होतं. मग ते मिटलं, आणि तू म्हणालास, असू दे.

मी चाकं जाळायला निघालो होतो. तू पन्नास गाड्या पोत्यात भरल्यास आणि पाचोडच्या बाजाराला घेऊन गेलास. शहरात कुणी ओळखीचा खरादी बघेल आणि माझी फजिती होईल म्हणून पाचोड, असं म्हणालास. दुपारपर्यंत पोतं रिकामं झालं. तू सांगत आलास की एक पोरगी गाडी ओढत होती आणि मागं बघत बघत स्वतःही लंगडत चालत होती, आणि तिची आजी तिच्यामागं, तीही हसत हसत तशीच. उरलेल्या दीडशेक जत्रेत पहिल्याच दिवशी गेल्या. पुढच्या आठवड्यात तू जिग घरी घेऊन गेलास, परत आणून ठेवलास आणि म्हणालास, "तुझी चूक ह्यात पक्की करून टाकली. आता रोज हीच चूक कर."

मी त्या पहिल्या घाण्यातल्या दोन गाड्या बाजूला काढून घरी नेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. पुरावा म्हणून. कशाचा पुरावा, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. पण माझ्यासारखा माणूस आधी पुरावा ठेवतो आणि खटला नंतर शोधतो.

खटला चार वर्षांनी मिळाला. मुंबईच्या एका संस्थेनं चांगल्या खेळण्यांसाठी तुझा सत्कार केला, लंगड्या गाडीसाठी. मी तिसऱ्या रांगेत नवा शर्ट घालून बसलो होतो. तिथं तुला विचारलं की ही कल्पना कुठून सुचली. तू माइकसमोर खाकरलास आणि म्हणालास की पाचोडच्या बाजारात मी एक लंगडा बैल पाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. येताना बसमध्ये तू मला केळं दिलंस, तेही मी घेतलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की बघ, आईचं बरोबर होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. तुझ्या जागी माझ्या जातीचा, माझ्या आळीतला कुणी असता तर माझ्या मनात हेच वाक्य आलं असतं का? नसतं आलं. चिडलो असतो, भांडलो असतो, पण ते वाक्य आलं नसतं. मला त्याची लाज वाटते आणि ती तुला सांगायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी तुझ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "ती गाडी माझी आहे."

तू कानस खाली ठेवलीस. "काय म्हणलास?"

"गाडी माझी आहे. भोक माझ्या हातानं चुकलं. तो बैल कुठून आणलास?"

आणि तू हसलास. दाबून नाही, उघड. ते हसू मी पुढं तीस वर्षं तुझ्यावर धरलं. मला ते चोराचं हसू वाटलं. तू म्हणालास, "हौ. तुझीच हाय." मग कानस परत उचलून, "तिथं काय सांगू, माझ्या खराद्याचा भुसा ऱ्हायला म्हणून? कंपनीचे साहेब बी बसले होते की तिथं."

ते खरं होतं. साहेब दुसऱ्या रांगेत होते, मी पाहिलं होतं. म्हणजे तू मला झाकलंस, असा त्याचा अर्थ. पण मला वाटलं, काय सोयीचं झाकणं आहे. माझी अब्रू राहते आणि कल्पना तुझी होते. आम के आम, गुठलियों के दाम. तेव्हापासून आपण रोज एकत्र काम केलं, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत वाढपी झालो, आई गेली तेव्हा तू उन्हात चपलांशिवाय उभा होतास, आणि या सगळ्यांत मी एका कोपऱ्यात तो खटला चालू ठेवला. वर्षातून एकदा तरी टोमणा मारायचोच. पाहुण्यांना म्हणायचो, विचारा यांना, बैल कोणत्या पायानं लंगडा होता. तू कधी डावा सांगायचास, कधी उजवा.

आता या आठवड्यातली गोष्ट. परवा तुझी नुसरत आली. तिच्या शाळेत, इथं गारखेड्यातच, काचेच्या एका कपाटात जुनी खेळणी ठेवणार आहेत. तिच्या लहानपणीची गाडी ती घेऊन आली होती, पहिल्या घाण्यातली, पाचोडला नेण्याआधी तू तिच्यासाठी ठेवून घेतलेली. गाडीखाली एक कार्ड ठेवायचंय, कुणी घडवली ते लिहून. तिनं विचारलं, "काका, कार्डावर नाव कुणाचं लिहू?" मला लगेच संशय आला. मी विचारलं, तुला माझ्याकडं पाठवलं कुणी? ती म्हणाली, "अब्बाच म्हणायचे, गाडीचं काय ते पंडतला विचार. ते सांगतील तेच लिहायचं."

मी तिची गाडी ठेवून घेतली, तिला दोन दिवसांनी ये म्हणालो आणि ट्रंक उघडली. एवढ्या वर्षांनी खटल्याचा निकाल लागणार होता आणि तोही लेखी. मला नुसतं नाव नको होतं, सिद्ध करून हवं होतं. सिद्ध करणं सोपं आहे. हाताची चूक आणि जिगची चूक यांत फरक असतो. जिगची चूक दरवेळी तेवढीच आणि त्याच जागी. हाताची चूक, भुशानं झालेली चूक, कधी कमी, कधी जास्त, भुसा राहील तशी. पहिल्या घाण्यातली चाकं काढायची, मोजायची, सहाच्या सहा वेगवेगळी चुकलेली दाखवायची, की झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

खिडकीशी बसलो, चष्मा पुसला, व्हर्नियर घेतला. माझ्या दोन गाड्या आणि नुसरतची एक, मिळून सहा चाकं. भोकाच्या कडेपासून चाकाच्या कडेपर्यंत, चारी बाजूंनी. पहिलं चाक, भोक अर्धा सूत सरकलेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचा अर्धा. दुसरं चाक, अर्धा सूत. तिसरं, अर्धा सूत. लाकूड आहे, इतक्या वर्षांत केसभर आक्रसतं, तेवढं सोड. चौथं मी तीनदा मोजलं. सहाही चाकं अर्धा सूत, एकाच मापानं.

हबीब, भुसा असा राहत नाही. चारशे वेळा तेवढाच भुसा त्याच जागी राहत नाही. दोनशे गाड्यांच्या दोनशे चाली झाल्या त्या भोकांमुळं नाही. चाकं आसावर कशी फिरवून बसली त्यावर ती चाल होती, आणि जोडणारा तू होतास. जुन्या जिगला चीर गेली नव्हती, नवा जिगच तू मुद्दाम अर्धा सूत सरकवून केला होतास. पाचोडनंतर तू जिग घरी नेलास आणि तसाच परत आणून ठेवलास. माझा हात चुकलाच नव्हता.

दुधात बोट घालणारा मी, कुलूप चारदा ओढणारा मी, तुझ्यावर, आईवर, साहेबांवर, बसमधल्या केळ्यावर संशय घेणारा मी. मी आयुष्यात स्वतःच्या चुकीवर तेवढा संशय घेतला नाही. तू तोंड उघडण्याआधी ती पदरात घेऊन मोकळा झालो.

मला पहिल्यांदा तुझा राग आला. अजूनही आहे. माझा हात विश्वासाचा नाही, हे मी तुझ्यामुळं आणखी तीस वर्षं मानलं. प्रत्येक भोकाआधी खळगा तीन-तीनदा फुंकला. एका शब्दानं तू मला मोकळं करू शकला असतास. त्या दिवशी फरशीवर बसलेला असताना तू तेच सांगणार होतास, हे आता कळतं, आणि मी तुला बोलू दिलं नाही हेही कळतं. पण नंतर? नंतर का नाही?

दोन दिवस याच प्रश्नाभोवती फिरलो, आणि फिरून फिरून कानस खाली ठेवल्याच्या त्या क्षणापाशी येतो. "ती गाडी माझी आहे." मी जन्मात कुठल्या वस्तूला माझी म्हणालो नव्हतो. कंपनीत नाही, शेडमध्ये नाही. खरादी काय, सांगितलेलं करतो. तू मला पहिल्यांदा काहीतरी हक्कानं मागताना पाहिलंस आणि म्हणून हसलास. तेव्हा खरं सांगितलं असतंस तर माझा हात सुटला असता आणि गाडी गेली असती. तू गाडी माझ्याकडं राहू दिलीस आणि त्यापायी माझ्या लेखी चोर होऊन राहिलास, तीस वर्षं, माझे टोमणे खात, बैलाचा पाय बदलत.

किंवा असं काही नसेल. तुला नुसती मजा वाटत असेल. तूही काही साधुसंत नव्हतास. या दोन्हींतलं खरं काय ते आता मोजून काढता येत नाही, आणि मला वाटतं तुला हेच हवं होतं. भामटा कुठला. माझं तुझ्यावर फार प्रेम होतं, हबीब. हे मी म्हणालो नाही. तू त्याचा काय अर्थ लावशील याची मला खात्री नव्हती.

आज सकाळी मी कार्ड लिहिलं. खरं लिहायचं तर असं लिहायला हवं, की कल्पना हबीबची, जिगही हबीबचा, दत्ता खराद्याचा हात निर्दोष. माझ्या इतक्या वर्षांच्या अब्रूचा कागद झाला असता तो. मी पेन हातात घेऊन पुष्कळ वेळ बसलो. मग लिहिलं, "लंगडी गाडी. रचना हबीब यांची. चाकाचं भोक चुकलं ते दत्ता खराद्याच्या हातून." तू जे मला दिलंस ते मी परत करणार नाही. आयुष्यभर वाकडं काम करत नाही म्हणून मिरवलं, आणि हे एक वाकडं काम मी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून केलं.

शाई वाळल्यावर सुनेच्या कपाटातून नखपॉलिशची बाटली मागून आणली. तिनं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं, ते साहजिक आहे.

संध्याकाळी नुसरत आली. कार्ड वाचलं. "काका, नक्की असंच ना?" मी म्हणालो, असंच. तिनं मान हलवली, आणि मग तिनं ते कार्ड उलटं करून बघितलं, तुझीच पोरगी. मागच्या कोऱ्या बाजूला लाल ठिपका होता. तिनं तो अंगठ्यानं जरासा घासला. मी भिंतीकडं बघत होतो. तिनं कार्ड सरळ करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "काका, चहा टाकू?"